पूजेत ठेवलेली नळी

खंडेनवमीची माझी यादी दरवर्षी तीच असते. झेंडू आठ किलो, नारळ प्रत्येक मशीनला एक आणि देवाला एक, हळद, कुंकू, उदबत्ती, पेढे, कामगारांच्या घरच्यांसाठी जादा खुर्च्या, लहान मुलांच्या हाताला लागतील अशा धारदार वस्तू वरच्या फळीवर. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता धाकटा भाऊ आणि मी चालवतो. भाऊ गिऱ्हाइकं सांभाळतो, बाकी सगळं माझ्याकडे. बाकी सगळं म्हणजे काय, ते ज्याचं वर्कशॉप असेल त्यालाच कळेल.

आमच्याकडे पूजेची एक पद्धत आहे. मशीन धुऊन पुसून त्याच्या माथ्यावर, हेडस्टॉकवर, स्वस्तिक काढायचं, हार घालायचा, हे सगळीकडे असतं. आमच्याकडे शिवाय एक लांब टेबल मांडतात आणि त्यावर प्रत्येक कामगार आपलं एक हत्यार किंवा वर्षभरात केलेलं आपल्या मनाजोगतं काम ठेवतो. कोणी मायक्रोमीटर ठेवतो, कोणी स्वतः घासलेलं टूल, कोणी गिऱ्हाइकानं वाखाणलेला एखादा जॉब, म्हणजे घडवलेला भाग. त्या टेबलावर काय ठेवायचं याची यादी मी कधी केली नाही. वडिलांच्या वेळेपासून तो ज्याचा त्याचा मान होता. आता करते.

त्या वर्षी पूजा वेळेवर झाली, पेढे पुरले, खुर्च्याही पुरल्या. गडबडीत टेबलाकडे नीट बघायला मला सवड झाली नव्हती. दुपारी मंडळी गेल्यावर मी ऑफिसात बसून यादीवर खुणा करत होते आणि अधूनमधून फोनवर आलेले फोटो बघत होते. सुपरवायझरनं वर्कशॉपच्या ग्रुपवर टेबलाचे फोटो टाकले होते. त्या ग्रुपवर आमच्या तीन गिऱ्हाइकांचे खरेदी विभागाचे लोकही आहेत. चौथ्या फोटोत टेबलाच्या मधोमध, दोन नारळांच्या आधारानं ठेवलेली, हळदकुंकू वाहिलेली, झेंडूच्या माळेत गुंडाळलेली एक लांब, चकचकीत, एका टोकाला बारीक होत गेलेली वस्तू होती. खाली लिहिलं होतं, ‘मामांच्या बंदुकीची नवी नळी. शस्त्रपूजन.’ त्यापुढे दोन सिंह आणि एक भगवा झेंडा.

मी पेढा खाली ठेवला.

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने टर्नर, लेथवर काम करणारे. गाव पेठच्या पुढे डोंगरात. तीस वर्षं आमच्याकडे, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. मला लहानपणापासून ताई म्हणतात आणि मी अख्ख्या वर्कशॉपसारखी त्यांना मामा म्हणते. ते अजून बाहेर टेबल आवरत होते. मी त्यांना आत बोलावलं, ती वस्तूही आणायला सांगितली.

“मामा, हे काय आहे?”

“नळी हाय ना ताई.”

“कसली?”

“बंदुकीची. दादाची.”

त्यांच्या आवाजात भीती सोडाच, संकोचही नव्हता. असलाच तर थोडा अभिमान होता. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या थोरल्या भावाकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. पीक संरक्षणाचा रीतसर परवाना आहे, त्याचं वेळोवेळी नूतनीकरण झालेलं आहे, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. रानडुकरं नागलीत आणि भुईमुगात शिरतात म्हणून रात्री शेतातल्या माळ्यावर बसून हवेत बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. गेल्या पावसाळ्यात नळीला मागच्या बाजूनं चीर गेली. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलेलं. तेव्हा बंदूक दाखवावी लागते. चिरलेली नळी पाहून साहेब परवानाच रद्द करतील, अशी दादांना धास्ती. मग मामांनी ठरवलं की नवी नळी आपण करू.

“मामा, हे बेकायदा आहे.”

“लायसन हाय ताई. चोरीची थोडीच हाय.”

“लायसन बंदुकीचं आहे. बंदूक बनवायचं नाही.”

“आख्खी कुठं बनवलीय? नळी तेवढी. म्हशीचा दाखला असंल तर शिंगांचा येगळा काढत्यात व्हय?”

मी विचारलं की हे केलं कधी. जेवणाच्या सुट्टीत, तीन महिने. माल कुठला? नाकारलेल्या जॉबचा भंगारात पडलेला लोखंडी बार. आणि परवानगी? मामांनी भिंतीवरचं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. खासगी कामांचं रजिस्टर, माझंच पिल्लू. कोणाला घरची कडी, सायकलचा अ‍ॅक्सल, देवळाच्या घंटेचा टोला करून घ्यायचा असेल तर लपूनछपून करू नका, लिहा, मी सही करते, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. त्यात मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, ‘घरचं काम. दादासाठी. एक नग.’ समोर माझी सही. मी न विचारता केलेली.

ती वस्तू टेबलावर होती आणि माझ्या हाताशी मायक्रोमीटर होतं. कशाला मोजली, आता सांगता येणार नाही. काही पुढ्यात आलं की मोजायचं, ही सवय. पाच ठिकाणी मापं घेतली, माझ्या तपासणीच्या वहीत ओळीनं लिहिली, खाली सही केली. मग कुंकवाचे हात पुसले आणि वकिलीणबाईंना फोन लावला.

वकिलीणबाई माझी शाळेतली मैत्रीण. एरवी ती जमिनीच्या वाटण्या करते, पण सुरुवातीची काही वर्षं फौजदारीत होती. मी सगळं सांगितलं.

“ऐक,” ती म्हणाली. “ठेवू नकोस, फेकू नकोस, आणि घेऊन फिरू नकोस.”

“मग करू काय? हवेत लटकवू?”

“कपाटात कुलपात ठेव, चावी तुझ्याकडे. परवा येते. आणि तो फोटो ग्रुपवरून काढायला सांगू नकोस.”

तोपर्यंत सुपरवायझरनं फोटो काढून टाकला होता. माझा चेहरा बघून त्यानं स्वतःच्या बुद्धीनं ते केलं होतं आणि शाबासकीची वाट बघत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वकिलीणबाई आली आणि पहिला अर्धा तास त्यालाच बोलली. “अरे, एवढ्या लोकांनी पाहिलेला फोटो काढून काय मिळालं? आता लपवल्यासारखं दिसतं.” तो म्हणाला, “मग परत टाकू का मॅडम?” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “जा, चहा सांग.”

मग तिनं कायदा उघडला. मला वाटलं होतं की एखादं स्पष्ट वाक्य असेल. अमुक इतकं काम झालं की नळी, त्याआधी नुसता लोखंडाचा तुकडा. असं काही नाही. कायद्यात शस्त्र म्हणजे शस्त्र, शस्त्राचे भागसुद्धा, आणि शस्त्र बनवायची यंत्रंसुद्धा. बनवणं, बदल करणं, दुरुस्त करणं, विकणं, सगळ्याला वेगळा परवाना. तो नसताना बनवलं तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. ती वाचत होती आणि मी काचेतून मामांच्या लेथकडे बघत होते. शस्त्र बनवायची यंत्रंसुद्धा. त्या लेथच्या हेडस्टॉकवर अजून स्वस्तिक होतं.

“सवलती आहेत,” ती म्हणाली. “किरकोळ सुटे भाग जवळ असले तर चालतात.”

“मग झालं.”

“नळी किरकोळ नाही. आणि तो भाग जोडायला बाकीची बंदूक कोणाकडेच नसेल तर ती सवलत. इथं बाकीची बंदूक पेठला वाट बघत बसलीय.”

“दुसरी?”

“दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुनं शस्त्र असेल तर. हे नवीन आहे, आणि दुरुस्तीसाठीच केलंय.” तिनं चष्मा काढला. “बाहेरच्या काही देशांत अर्धवट केलेल्या भागांचे वेगळे नियम आहेत म्हणे, कितपत झालं की भाग धरायचा त्याचे. त्यांचेही वाद चालूच असतात. आपल्याकडे शब्द एकच, भाग. शस्त्र म्हणून घडवलेला. म्हणजे घडवताना मनात काय होतं ते बघणार. एरवी मी म्हटलं असतं, हा लोखंडी रॉड आहे, सिद्ध करा. पण तुमच्या मामांनी त्याला कुंकू लावून शस्त्र म्हणून पूजलाय आणि तुझ्या त्या शहाण्यानं गावभर सांगितलंय.”

दारात उभा राहून सुपरवायझर म्हणाला, “ताई, बँडसॉवर लावतो. पाच मिनिटांत चार तुकडे. भंगारात कोण विचारतंय?”

खरं सांगायचं तर मला तो मार्ग आवडला होता. पाच मिनिटांचं काम, यादीवरची एक खूण. पण फोटो होता, रजिस्टर होतं, रजिस्टरवर माझी सही होती, आणि तुकडे केले तर तेच लपवलेला पुरावा ठरले असते. मी नको म्हणाले. मामा त्याच्या मागंच उभे होते. त्यांनी एवढंच म्हटलं, “माझ्या हातची हाय रे ती. तू काय तोडतो.”

पुढचा आठवडा मी फोनवर घालवला. शहरातल्या परवाना विभागानं सांगितलं की परवाना ग्रामीण भागातला आहे, तिकडं विचारा. ग्रामीणच्या शाखेनं सांगितलं की परवान्यावर जी बंदूक लिहिली आहे तिच्याबद्दल विचारा, हा तिसराच तुकडा आमच्या कागदावर नाही, आणि तो आहे शहरात. ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, तक्रारदार कोण? मी. तक्रार कोणाविरुद्ध? माझ्याच कामगाराविरुद्ध नाही हो, तक्रार नाहीच, वस्तू जमा करायचीय. कोणाची वस्तू? मामांची, म्हणजे माल आमचा, काम त्यांचं. मग चोरी का? नाही. एका परवानाधारक बंदूकविक्रेत्यालाही विचारलं. त्यानं आदरानं सांगितलं की परवाना आणि मंजुरी घेऊन या, बंदूक दुरुस्त करू. पण दुसऱ्यानं केलेल्या नळीला हात लावला तर उद्या माझं दुकान बंद. रोज संध्याकाळी मी वहीत बघायची. प्रत्येक नावापुढे खूण होती, प्रत्येक माणूस बरोबर बोलला होता, आणि वस्तू माझ्याच कपाटात होती. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

शेवटी ठाण्यातल्या एका सहायक निरीक्षकांनी मार्ग सांगितला. लेखी अर्ज द्या, आम्ही येऊन बघतो, तुम्ही घेऊन येऊ नका. वकिलीणबाईंनी अर्ज लिहिला. मामांना सहीला बोलावलं. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि पेन खाली ठेवलं.

“हे काय लिवलंय? अनवधानानं तयार झालेला लोखंडी रॉड?”

“तशी भाषा असते मामा,” वकिलीणबाई म्हणाली.

“तीन महिने जेवान सोडून केलीय बाई. अनवधानानं कशी व्हईल?”

“तुम्हाला आत जायचंय का?”

“नाय.”

“मग रॉड म्हणा.”

“पन रॉड नाय ना तो.”

असं पाऊण तास चाललं. आम्ही दोन शिकलेल्या बायका एका माणसाला वाचवायला बसलो होतो आणि तो माणूस आम्हाला शब्द बदलू देत नव्हता. वकिलीणबाईंनी ‘रॉडसदृश वस्तू’ सुचवलं. मामा म्हणाले, सदृश म्हंजी काय, डुप्लिकेट का? मी अर्जाचा चौथा मसुदा फाडला. मग त्यांना बाहेर, लेथपाशी नेलं.

“मामा, आठ महिने राहिलेत,” मी म्हणाले. “तुमच्या निरोपाची शाल मला इथं द्यायचीय. कोर्टाच्या पायऱ्यांवर नाही.”

त्यांनी लेथच्या चकवर हात ठेवला. “ताई, मी खोटं लिवून सुटलो,” ते म्हणाले, “तर उद्या या पोरान्ला काय सांगू? मामानं काय बनवलं हे मामालाच ठाव नव्हतं?”

पाचव्या मसुद्यात ‘सोबत वर्णन केलेली वस्तू’ एवढंच लिहिलं. त्यावर त्यांनी सही केली. वस्तूला नाव द्यायचं काम आम्ही ठाण्यातल्या त्या निरीक्षक साहेबांवर सोपवलं.

साहेब दोन दिवसांनी आले. पस्तिशीचे, नीटनेटके, बुटांवर धूळ नाही. बरोबर एक हवालदार, तो हल्लीच्या पद्धतीप्रमाणे सगळं मोबाइलवर चित्रित करत होता. मी कपाट उघडलं, वस्तू टेबलावर ठेवली. कुंकू अजून होतं. पुसायचं की नाही यावर वकिलीणबाईंशी माझं दोनदा बोलणं झालं होतं आणि शेवटी आहे तसं राहू द्यायचं ठरलं होतं.

“काका, हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

वकिलीणबाईंनी छताकडे पाहिलं. सुपरवायझर मामांच्या मागं उभा राहून ओठांनी ‘रॉड, रॉड’ करत होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थांबला.

“साहेब, नळी व्हायची व्हती,” मामा म्हणाले. “आजून झाली नाय.”

“म्हणजे?”

“आतून भरीव हाय. बघा ना हातात घेऊन. वजन बघा.”

साहेबांनी उचलली. दोन्ही टोकं उजेडात धरून पाहिली. टोकांवर नुसती सपाट, गुळगुळीत लोखंडाची गोल चकती होती. मी ती मोजली होती, पाच ठिकाणी, आणि माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी बाहेरून मापं घेतली होती. वकिलीणबाईंनी तर तिला हातही लावला नव्हता, न लावण्याचं कारण तिला मला सांगावं लागलं नाही. आठवडाभर आम्ही दोघींनी नळीवर कायदा वाचला आणि नळी भरीव होती.

“मग थांबलात का?” साहेब म्हणाले. “मशीन आहे, वेळ होता.”

“खंडेनवमी आली ना.”

“त्याचा काय संबंध?”

मामांना हा प्रश्नच कळला नाही. “आसं कसं साहेब? बाहेरचं काम काय, कवाबी चालतं. पन मुख्य काम पूजा झाल्याबिगर नाय करायचं. आधी देवापुढं ठेवायची, मग आत हात घालायचा. माझ्या गुरूनं तसंच शिकवलंय. या वर्कशॉपातलं पयलं मशीनबी आमच्या मोठ्या साहेबांनी, ताईंच्या वडलांनी, पूजेनंतरच चालू केलं व्हतं. ताईंना इचारा.”

मी मान हलवली. ते खरं होतं.

वकिलीणबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “पूजेनं अडकवलं होतं आणि पूजेनंच सोडवलं बघ.”

तिचं वाक्य पुरं होत होतं तोवर साहेबांनी विचारलं, “म्हणजे पूजा झाल्यावर भोक पाडणार होतात?”

“व्हय,” मामा म्हणाले.

वकिलीणबाईंनी कपाळाला हात लावला. हवालदारानं मोबाइल किंचित खाली केला. साहेबांनी मामांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रोज खोटं ऐकणाऱ्या माणसाचा थकवा होता आणि त्यात हे भलतंच आलं होतं.

“काका,” ते म्हणाले, “जे विचारतो तेवढंच सांगत जा.”

“तुमीच इचारलं ना साहेब.”

“हो. चुकलं माझं.”

पंचनामा झाला. ‘एका टोकास निमुळती भरीव लोखंडी वस्तू, त्यावर हळदकुंकू.’ साहेबांनी ती कापडात गुंडाळून सील केली आणि सांगितलं की तज्ज्ञाचा अभिप्राय येईपर्यंत गुन्हा नोंदवत नाही, पण आला की त्याप्रमाणे करावं लागेल. बोलावलं की यायचं. आणि भावाला सांगा, ती चिरलेली बंदूक त्यांच्या ठाण्यात जमा करून पावती घ्या, मग परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून रीतसर काय ते होईल.

मी दादांना मामांच्या फोनवरून हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरं ताई. जमा करतो. तवर डुकरान्ला अर्ज दाखवू का?”

अभिप्रायाला किती दिवस लागतील, ते कोणीच सांगेना. मी दर सोमवारी अकरा वाजता फोन करत होते, वहीत लिहीत होते. मामा रोज अर्धा तास लवकर यायला लागले. कामाला सुरुवात करायचे नाहीत, लेथपाशी स्टुलावर बसून राहायचे. बाहेर कुठलीही मोटरसायकल थांबली की गेटकडे बघायचे. एका आठवड्यात त्यांचे दोन जॉब नाकारले गेले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी दोन्ही वेळा नाकारल्याच्या चिठ्ठीवर कारण लिहायचं टाळलं. त्यांनी दोन्ही वेळा चिठ्ठी परत आणून दिली. “कारन ल्याहा ताई. मोजमाप चुकलं. चुकलं त्ये चुकलं.” मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. या माणसाला कुठंच, कशातही, जरासुद्धा सवलत नको होती. आणि त्याला मिळाली नाही तर पुढची सात वर्षं तो कुठं बसणार होता, हे मी एकटी मोजत होते.

अभिप्राय थंडीत आला. साहेबांनी बोलावून घेतलं. वस्तू भरीव आहे, आरपार मार्ग नाही, सध्याच्या स्थितीत अग्निशस्त्र किंवा त्याचा भाग म्हणून वापरता येण्याजोगी नाही. गुन्हा नाही. असं काम पुन्हा करणार नाही, असा जबाब मामांनी द्यायचा, वस्तू ठाण्यातच राहील. मामांनी जबाब दिला, आणि त्यात न विचारलेलं काहीही सांगितलं नाही. मी मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक बोलले आणि लगेच यादीत लिहून टाकले, नाहीतर राहून जातात.

अभिप्रायाची प्रत घेऊन आम्ही वर्कशॉपात आलो. मी ती मामांच्या हातात दिली. वाटलं, बघून हात जोडतील, पेढे मागवतील. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

“ताई, हे काय? ‘बनावट गावठी. निमुळतेपणा असमान.’”

“असू दे मामा.”

“गावठी?”

“तशी भाषा असते.”

“असमान म्हनतोय. कुनी मोजली? कशानं मोजली? त्याला म्हनावं इथं ये, मायक्रोमीटर देतो.”

“मामा, गप्प बसा,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. दोन मशीनं थांबली. “तुम्ही सुटलात. तो काय म्हणेल ते म्हणू दे. वाकडी म्हणू दे, गंजकी म्हणू दे. मी तीन महिने झोपले नाहीये.”

मामांनी कागदाची नीट घडी घातली, तो खिशात ठेवला आणि ते लेथपाशी गेले. मशीन मात्र चालू केलं नाही. गुन्हा नाही म्हटल्यावर माणूस इतका खचेल असं मला वाटलं नव्हतं. मी ऑफिसात जाऊन बसले, चार पत्रांना उत्तरं दिली, पाचव्याला देता येईना. मग कपाटातून तपासणीची वही काढली, खंडेनवमीचं पान उघडलं आणि नेऊन त्यांच्यापुढे धरली. पाच ओळी होत्या. पाच जागा, पाच मापं, खाली तारीख आणि सही.

मामांनी ती पाच मापं ओठ हलवत वाचली. एकापुढे एक किती कमी होत गेलं, ते बोटांवर मोजलं; दर वेळी तेवढंच. मग परत वरपासून.

“सही तुमची हाय,” ते म्हणाले.

“माझीच आहे.”

“याची झेरॉक्स भेटंल का?”

“नाही,” मी म्हणाले आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. मागं लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासगी कामांचं रजिस्टर माझ्या टेबलावर होतं. ‘घरचं काम. दादासाठी. दोन नग.’ मी मामांना आत बोलावलं. ते म्हणाले, पत्र्याचे डबे बडवायला टोले पायजेत, डुकरं काय थांबत नाय. मी पेन उघडलं, मग परत टोपण लावलं आणि म्हणाले, “आधी ड्रॉइंग आणा.”